विकताना माल, करापुरते नाणे : अमेरिकी राज्यांच्या सुवर्ण-करमाफीमागचा सोयीचा इतिहास

१/
“सोने-चांदी हाच खरा पैसा, बाकी सारा कागद. पैशावर प्राप्तिकर लावणे ही सरकारी लूट. अमेरिकेतील राज्यांनी हे ओळखून सोन्या-चांदीवरील कर रद्द केला, कारण त्यांची राज्यघटनाच तसे सांगते.” हा युक्तिवाद अलीकडे मराठीतही मोठ्या आत्मविश्वासाने केला जातो. त्यातील अर्थशास्त्राचा निवाडा अर्थतज्ज्ञ करतील. पण त्यात इतिहासाची साक्ष काढलेली आहे, आणि ती साक्ष खोटी आहे. धागा दीर्घ आहे, सवडीने वाचावा.

२/
माझी भूमिका आधीच सांगते. एखाद्या राज्याने सोन्याच्या नफ्यावर कर माफ करावा की करू नये, हा त्या राज्याच्या विधिमंडळाचा राजकीय निर्णय आहे आणि तो घेण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे. माझा आक्षेप त्या निर्णयाला घटनाकारांच्या इच्छेचे वस्त्र चढवण्याला आहे. सवलत हवी असेल तर ती सवलत म्हणून मागावी, पूर्वजांचा आदेश म्हणून नव्हे.

३/
प्रथम थोडी पार्श्वभूमी. भारतात शेतीउत्पन्न वगळता प्राप्तिकर लावण्याचा अधिकार केवळ केंद्राचा. अमेरिकेत तसे नाही. तेथे संघराज्य प्राप्तिकर घेते आणि बहुतेक राज्येही स्वतंत्रपणे घेतात. विस्कॉन्सिन राज्याने १९११ मध्ये आधुनिक स्वरूपाचा राज्य प्राप्तिकर आणला. संघीय प्राप्तिकराला वाट करून देणारी सोळावी घटनादुरुस्ती त्यानंतर, १९१३ मध्ये झाली. टेक्सास, फ्लोरिडा, वायोमिंग अशा काही राज्यांत वैयक्तिक प्राप्तिकरच नाही.

४/
संघीय करकायदा सोन्या-चांदीच्या लगडी व नाणी ‘संग्राह्य वस्तू’ मानतो, म्हणजे चित्रे, जुनी टपाल तिकिटे यांच्या पंक्तीत बसवतो. एक वर्षाहून अधिक काळ बाळगून ती विकल्यास नफ्यावर जास्तीत जास्त २८ टक्के कर लागतो. राज्ये बहुधा संघीय हिशेबातील उत्पन्नाचा आकडाच पायाभूत धरतात. त्यामुळे हा नफा राज्याच्या करातही आपोआप येतो. तो वगळायचा असेल तर राज्याला तसा वेगळा कायदा करावा लागतो.

५/
असा कायदा २०११ मध्ये युटा राज्याने केला. संघराज्याने पाडलेली सोन्या-चांदीची नाणी त्याने वैध चलन म्हणून मान्य केली आणि त्यांच्या व्यवहारातील नफ्यावरील राज्यकरातून सूट दिली. ॲरिझोनात २०१३ मध्ये गव्हर्नर जॅन ब्रुअर यांनी असेच विधेयक नाकाराधिकार वापरून रोखले. पुढचे गव्हर्नर डग ड्यूसी यांनीही प्रथम नकारच दिला, पण २०१७ मध्ये स्वाक्षरी केली. रॉन पॉल यांनी तेथील सिनेट समितीपुढे विधेयकाच्या बाजूने साक्ष दिली होती. २०२४ मध्ये अलाबामा आणि नेब्रास्का त्याच वाटेने गेले.

६/
समर्थकांचे म्हणणे त्यांच्याच बाजूने नीट मांडू. अमेरिकी राज्यघटनेच्या पहिल्या अनुच्छेदाचे दहावे कलम सांगते की, कर्जफेडीसाठी सोन्या-चांदीच्या नाण्यांखेरीज दुसरे काहीही राज्यांनी वैध ठरवू नये. म्हणजे सोने-चांदी हा घटनेने मान्य केलेला पैसा. पाच डॉलरची नोट मोडून एक-एकच्या पाच नोटा घेतल्या तर त्यावर कर लागत नाही. मग सोने देऊन डॉलर घेतले तर का लागावा? सोने वाढलेले नाही, डॉलर घसरला आहे. ऐकायला हे अत्यंत तर्कशुद्ध वाटते.

७/
आता मूळ कलमाकडे वळू. ही राज्यांवरील निषेधांची यादी आहे : राज्यांनी स्वतःची नाणी पाडू नयेत, कागदी पतपत्रे काढू नयेत, सोन्या-चांदीच्या नाण्यांखेरीज अन्य वस्तू कर्जफेडीस वैध ठरवू नये. या निषेधांत करमाफीचा मागमूसही नाही. आणि त्याच कलमाच्या लगेच पुढच्या परिच्छेदात आयात-निर्यात शुल्काचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे घटनाकारांना करांविषयी बोलायचे होते तेथे ते बोलले. सोन्या-चांदीविषयी असे काही ते बोलले नाहीत.

८/
दुसरी गोष्ट त्याहून साधी. कलमातील शब्द ‘नाणे’ हा आहे. अलाबामासारख्या राज्यांची सवलत मात्र लगडींनाही लागू होते. लगड म्हणजे धातूचा तुकडा. तिच्यावर राज्यसत्तेने ठरवलेले कोणतेही दर्शनी मूल्य नसते. टांकसाळीचा शिक्का हाच नाणे आणि धातू यांच्यातील भेद आहे, हे नाणकशास्त्राच्या पहिल्याच पाठात शिकवले जाते. ज्या कलमाचा आधार घ्यायचा, त्यातील शब्द तरी पाळायला हवेत.

९/
हे कलम आले कोठून? स्वातंत्र्ययुद्धानंतर अनेक राज्ये कर्जात बुडाली होती. ऱ्होड आयलंडने १७८६ मध्ये कागदी चलन काढले आणि ते नाकारणाऱ्यास दंड ठेवला. न्यूपोर्टमधील एका खाटकाने ते नाकारले, म्हणून त्याच्यावर झालेला दावा त्या काळी गाजला. दावा न्यायालयात टिकला नाही. धनको धास्तावले. आपण चांदी उसनी द्यायची आणि परतफेडीत घसरलेला कागद घ्यायचा, ही भीती १७८७ च्या फिलाडेल्फिया अधिवेशनात बसलेल्यांच्या मनात ताजी होती.

१०/
त्याच वर्षी शेजारच्या मॅसॅच्युसेट्समध्ये याच्या नेमके उलटे चित्र होते. तेथील सरकारने कागद काढायला नकार दिला आणि जड कर धातूच्या पैशात मागितले. पश्चिमेकडील शेतकऱ्यांजवळ धान्य होते, गुरे होती, नाणी नव्हती. न्यायालयांत जप्तीचे हुकूम निघू लागले. डॅनियल शेज हा युद्धात लढलेला माणूस या शेतकऱ्यांच्या पुढाऱ्यांपैकी एक. त्यांनी न्यायालये बंद पाडली आणि जानेवारी १७८७ मध्ये स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारावर चाल केली. बंड मोडले गेले.

११/
ही दोन चित्रे शेजारी ठेवा, म्हणजे कलमाचा अर्थ उलगडतो. ऋणको आणि धनको यांच्या झगड्यातून ते जन्मले आणि त्याने धनकोला संरक्षण दिले. त्यामागे व्यवहारातील विश्वास टिकवण्याची रास्त गरजही होती, हे मी नाकारत नाही. पण त्याला ‘सामान्य माणसाच्या स्वातंत्र्याची सनद’ म्हणणाऱ्याने मॅसॅच्युसेट्सच्या शेतकऱ्याला काय उत्तर द्यायचे, हेही सांगावे. त्याचे शेत गेले ते कागदी पैशामुळे नव्हे, धातूच्या पैशाच्या हट्टामुळे.

१२/
पुढचा दावा : सोने-चांदीचे मोल निसर्गदत्त, सरकारी हुकमापलीकडचे. अमेरिकी इतिहास याच्या विरुद्ध साक्ष देतो. १७९२ च्या नाणे कायद्याने डॉलरमध्ये ३७१.२५ ग्रेन शुद्ध चांदी ठरवली आणि सोने-चांदीचे प्रमाण १ : १५ बांधले. बाजारात सोने त्याहून महाग, म्हणून सोन्याची नाणी परदेशी निघून गेली. १८३४ मध्ये प्रमाण जवळजवळ १ : १६ केले, मग चांदी व्यवहारातून ओसरू लागली. कोणता धातू प्रत्यक्षात पैसा म्हणून फिरणार, हे काँग्रेसने लिहिलेल्या आकड्यावर ठरत होते.

१३/
१८७३ च्या कायद्यात चांदीचा प्रमाण डॉलर पाडण्याची तरतूदच उरली नाही. जर्मनीही त्याच सुमारास सोन्याकडे वळली. १८९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत बाजारातील प्रमाण १ : ३० च्या पलीकडे गेले. घटनेतील वाक्यात सोने आणि चांदी एकाच श्वासात आली आहेत. तरीही एक धातू सिंहासनावर बसला आणि दुसरा पायउतार झाला. १८९६ ची अध्यक्षीय निवडणूक विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांनी याच प्रश्नावर लढवली आणि हरले. धातूचे पैसेपण उपजत असते, तर मतदान कशासाठी झाले?

१४/
या उलथापालथीची झळ आपल्यापर्यंत पोहोचली, म्हणून क्षणभर इकडे वळते. चांदी जगभर घसरली तसा चांदीचा रुपयाही घसरला. २६ जून १८९३ रोजी हिंदुस्थान सरकारने मुंबई व कलकत्त्याच्या टांकसाळी खासगी चांदीसाठी बंद केल्या. तोवर कोणीही चांदी नेऊन, थोडे शुल्क देऊन, तिचे रुपये पाडून घेऊ शकत असे. त्या दिवसानंतर रयतेच्या घरातील कडी, तोडे, गोठ तसेच राहिले. वजन तेच, कस तोच. फक्त त्यांचे रुपये करण्याचा हक्क गेला. शेतसारा मात्र रुपयांतच भरायचा होता.

१५/
पुढे १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दुष्काळ आले. दागिना मोडायला निघालेल्याला सराफाकडे घसरलेल्या चांदीचा भाव मिळाला. धातू पैसा आहे की माल, हे धातू ठरवत नाही. राज्यसत्ता ठरवते, आणि तिच्या निर्णयाचे ओझे बहुधा ज्याचा आवाज क्षीण त्याच्यावर पडते. ‘सोने-चांदी म्हणजे सरकारपासून सुटका’ हे वाक्य ऐकले की मला त्या तोड्यांची आठवण येते.

१६/
आता प्रतिपक्षाचा सर्वांत बळकट मुद्दा. ५ एप्रिल १९३३ रोजी फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी हुकूम काढून नागरिकांना सोन्याची नाणी, लगडी व सुवर्णपत्रे १ मेपर्यंत जमा करायला सांगितले. दागिने, दुर्मीळ नाणी आणि माणशी १०० डॉलरपर्यंतचे सोने यांना सूट होती. मोडल्यास १०,००० डॉलरपर्यंत दंड वा १० वर्षांपर्यंत कैद. मोबदला औंसाला २०.६७ डॉलर. जानेवारी १९३४ च्या अखेरीस सरकारने तोच भाव ३५ डॉलर केला. म्हणजे सुमारे ६९ टक्क्यांची वाढ सरकारी खजिन्यात गेली.

१७/
चांदीच्या बाबतीतही तेच. १९ जून १९३४ च्या चांदी-खरेदी कायद्याने चांदीच्या लगडींच्या व्यवहारातील नफ्यावर तब्बल ५० टक्के कर बसवला आणि तो १५ मेपासूनच्या व्यवहारांना पूर्वलक्षी प्रभावाने लावला. सर्वोच्च न्यायालयाने १९३७ मध्ये तो वैध ठरवला. १९६३ पर्यंत तो कायद्यात राहिला. सर्वसामान्यांना सोने बाळगण्याची मुभा तर ३१ डिसेंबर १९७४ रोजी परत मिळाली. हा अन्याय होता, असे मी निःसंदिग्धपणे म्हणते. सुवर्णप्रेमींचा सरकारविषयीचा अविश्वास हवेतून आलेला नाही.

१८/
पण त्या अन्यायाचे स्वरूप पाहा. १९३३ मध्ये सक्ती होती. १९३४ मध्ये व्यवहार झाल्यावर नियम बदलला गेला. आज ॲरिझोनातील माणूस स्वेच्छेने सोने घेतो, वाटेल तितकी वर्षे बाळगतो, वाटेल तेव्हा विकतो आणि आधीपासून ठाऊक असलेल्या नियमाने नफ्यावर कर देतो. जप्तीची आठवण काढून या साध्या कराला जप्ती म्हणणे, हा जप्ती झालेल्यांचाही अनादर आहे.

१९/
आता या साऱ्या वादाची कळ. १९८५ च्या कायद्यानुसार अमेरिकी टांकसाळ ‘ईगल’ हे सोन्याचे नाणे पाडते. त्यात एक ट्रॉय औंस सोने असते आणि त्यावर ५० डॉलर हे दर्शनी मूल्य कोरलेले असते. ते वैध चलन आहे, यात शंका नाही. पण मग चलन म्हणून त्याची किंमत ५० डॉलर. ते कोणी ५० डॉलरला देईल का? मुळीच नाही. विकताना तो बाजारभाव मागेल, आणि कराच्या वेळी म्हणेल की हा तर पैसा आहे. विकताना माल आणि करापुरते नाणे, असे दोन डगरींवर हात ठेवता येत नाहीत.

२०/
न्यायालयांनी हे पूर्वीच ओळखले. एका कंपनीने भागधारकांना लाभांश म्हणून २० डॉलरची जुनी सोन्याची नाणी वाटली आणि भागधारकांनी उत्पन्न दर्शनी मूल्याने दाखवले. नवव्या संघीय अपील न्यायालयाने १९८२ मध्ये ते अमान्य करून बाजारमूल्य धरायला सांगितले. लास व्हेगासमधील एका कंत्राटदाराने कामगारांचा पगार सोन्या-चांदीच्या नाण्यांत देऊन हिशेब दर्शनी मूल्याने ठेवला. २००९ मध्ये तो करगुन्ह्यांत दोषी ठरला. ‘खरा पैसा’ हे तत्त्व शेवटपर्यंत ताणले की ते कोठे पोहोचते, हे यावरून दिसते.

२१/
नोट मोडण्याची उपमाही टिकत नाही. पाचाच्या बदल्यात पाच मिळतात, तेथे नफाच नसतो. आणि पैशावरील नफ्यालाही अमेरिकी कायदा सोडत नाही : ब्रिटिश पौंड स्वस्तात घेऊन महाग विकले तर नफा करपात्र होतो. फक्त प्रवासासारख्या वैयक्तिक कारणासाठी घेतलेल्या चलनावर २०० डॉलरपर्यंतचा विनिमय-नफा दुर्लक्षिला जातो. म्हणून सोने ‘पैसा’ आहे असे क्षणभर मान्य केले, तरी करमाफी त्यातून निघत नाही.

२२/
उरतो महागाईचा मुद्दा : सोने स्थिर, डॉलर घसरतो, म्हणून नफा आभासी. जानेवारी १९८० मध्ये लंडनमध्ये सोने औंसाला ८५० डॉलरवर होते. जुलै १९९९ मध्ये ते २५२.८० वर आले. त्याच काळात अमेरिकेतील ग्राहक किमती दुपटीहून अधिक वाढल्या. जो मापदंड वीस वर्षांत असा कोसळतो, त्याला स्थिर कसे म्हणायचे? सोने चढते तेव्हा डॉलर घसरला म्हणायचे आणि सोने उतरते तेव्हा मौन पाळायचे, ही इतिहासाची पद्धत नव्हे.

२३/
तरीही नफ्याचा काही भाग केवळ महागाईमुळे फुगलेला असतो, हे खरे. पण ते घरालाही लागू, समभागांनाही लागू आणि बँकेतील ठेवीच्या व्याजालाही लागू. मग सूट एकट्या सोन्याला का? आपला तो बाब्या, दुसऱ्याचे ते कार्टे! महागाईची वजावट सर्वांना देणारी पद्धत अस्तित्वात असू शकते. भारतात खरेदीमूल्य महागाई निर्देशांकाने वाढवून दीर्घकालीन नफा मोजण्याची सोय सोन्यालाही होती. २३ जुलै २०२४ पासून ती गेली आणि दर २० वरून १२.५ टक्के झाला. त्या बदलावर जरूर वाद घालावा. तो वाद सोन्याच्या पावित्र्याचा नाही, नफा मोजण्याच्या न्याय्य रीतीचा आहे.

२४/
एक साधे गणित. समजा, ४०० डॉलरला घेतलेले औंसभर सोने १,८०० ला विकले. नफा १,४०० डॉलर. ॲरिझोनाचा आजचा सरसकट दर २.५ टक्के, माफी नसती तर राज्याचा कर ३५ डॉलर झाला असता. संघीय कर ३९२ डॉलरपर्यंत जाऊ शकतो, आणि त्याला राज्य हात लावू शकत नाही. त्याच राज्यात रुग्णालयात रात्रपाळी करून १,४०० डॉलर मिळवणाऱ्या परिचारिकेच्या करपात्र वेतनावर मात्र ते ३५ डॉलर लागतात. घटनाकारांची इच्छा नेमकी तिच्याच वाट्याला का येत नाही?

२५/
रक्कम लहान आहे, हे मला दिसते. म्हणूनच प्रामाणिकपणे बोलणे सोपे असावे. “आम्ही सोने घेतले आहे, आम्हाला कर कमी हवा, आमच्याकडे मते आहेत” असे म्हणावे. लोकशाहीत ते गैर नाही. किंवा कोणी खरोखरच किराणा दुकानात चांदीचे नाणे देऊन भाजी घेत असेल, तर पौंडांसारखी छोटी मर्यादा त्यालाही द्यावी. युटाच्या कायद्यानेही कोणावर नाणी स्वीकारण्याची सक्ती केलेली नाही. तिजोरीत पडून राहणारी लगड मात्र विकण्याच्या दिवशीच ‘चलन’ होते, हे विसरू नये.

२६/
शेवटी, हा धागा वाचणाऱ्या तुम्हा सर्वांना एक विनंती. आपण इतिहासाचे वाचक आहोत. कोणीही “घटनेत लिहिले आहे”, “पूर्वी असेच होते” असे म्हणाले, की तीन प्रश्न विचारा : मूळ वाक्य काय आहे? ते लिहिले तेव्हा कोण कोणाशी भांडत होते? आणि आज ते वाक्य पुढे करणाऱ्याला त्यातून काय मिळते? शिवकालीन होनांपासून अमेरिकी ईगलपर्यंत हे प्रश्न उपयोगी पडतात.

२७/
माझ्या मांडणीत चूक आढळल्यास पुराव्यासह अवश्य दाखवा. दुरुस्ती याच धाग्यात जोडेन. पुढील धागा १८९३ च्या टांकसाळबंदीवर लिहिण्याचा विचार आहे. तुमच्या घरात त्या पिढीतील चांदी मोडल्याच्या आठवणी कोणी सांगितल्या असतील, तर त्या खाली जरूर लिहा. धागा संपला. 🙏